आखूड सोंडेचा हत्ती

४ ऑगस्ट, सोमवार

कामावर लागले. काम काय, तर बसायचं.

सूनबाई ज्या शर्टांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर आहे, तिथेच. मागच्या अंगाला एक खोली आहे, दारावर ‘पाळणाघर’ अशी पाटी. आत चार पाळणे आणि खेळण्यांचं कपाट. खेळण्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. मूल एकही नाही. वेल्फेअर मॅडम म्हणाल्या, “आजी, सकाळी यायचं, खोली झाडून-पुसून ठेवायची, कोणी पाहुणे आले की उठून उभं राहायचं.”

मी विचारलं, “आणि मुलं कधी येतात?”

“येतील तेव्हा येतील,” त्या म्हणाल्या आणि चाव्या देऊन गेल्या. पोरीचं वय माझ्या लेकाएवढंच असेल. बोलताना सारखी अंगठी फिरवत असते.

पण मला लिहायचं होतं ते हे नाही. खोलीत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर ह्यांचा हत्ती!

हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, ट्रकांच्या, शाळांच्या. हा कारखाना नवा होता तेव्हा इथलं काम मिळालं होतं. संध्याकाळी घरी येऊन चिडचिड केली होती, “पोरांच्या खोलीत हत्ती काढला, तर वायरमनने नेमकी सोंडेच्या वाटेत विजेच्या बटणांची पेटी ठोकून ठेवलेली. सोंड आखूड करावी लागली.” मी हसले होते. म्हटलं होतं, “डुक्कर म्हणून खपवा.” दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.

आज ती आखूड सोंड पाहिली. हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. हे गेल्यापासून माझं असंच आहे, रडू पोटात कुठेतरी मुक्कामाला असतं, बाहेर येत नाही आणि जातही नाही. हात लावून पाहिला. निळा रंग असा तुकतुकीत, जणू काल सुकला. म्हणजे इतक्या वर्षांत एकाही पोराचा हात त्याला लागलेला नाही.

५ ऑगस्ट

बसून बसून अंगात मुंग्या आल्या. खोली दोनदा झाडली. खिडकीतून यंत्रांचा आवाज येतो, सगळ्या बायका कामात आणि मी पाळण्याशेजारी उभी, रिकामा पाळणा हलवतेय. कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मग वाचत बसले. मला काही वाचायला मिळालं की बरं वाटतं. शाळेत गेले नाही. ह्यांच्याकडे काम फार असलं की हे खडूने मोठ्या अक्षरांची कड आखून द्यायचे आणि मी आत रंग भरायची. काय भरतेय ते कळायचं नाही. मग पाटी लागली की दुकानात काय विकायला आहे ते बघून यायची. ‘बूट’ अशी शिकले, ‘सायकल’ अशी शिकले. पुढे पुड्यांचे कागद, मग रद्दीवाल्याकडची पुस्तकं. हे म्हणायचे, “तू माझ्या पाट्या खाऊन शहाणी झालीस.”

तर इथे भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोठा कागद आहे. वर लिहिलंय, ‘आमची सामाजिक जबाबदारी’. खाली कलमं. एक कलम असं, की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आई त्याला कामाच्या वेळेत इथे ठेवू शकते. अंगावर पिणारं असेल तर मधे पाजायला येऊ शकते. पगार कापला जाणार नाही. सगळं स्वच्छ अक्षरात.

हे बायकांना माहीतच नसणार. कोणाला वेळ आहे भिंती वाचायला!

आमची नात कालपासून शेजारणीकडे. वर्षाची होऊन गेलीय. नाव आहे, पण आम्ही भिंगरीच म्हणतो. एका जागी ठरत नाही. मुलगा लांब कुठेतरी पुलाच्या कामावर आहे, पैसे येतात तेव्हा येतात. म्हणून मीही घराबाहेर पडले. शेजारीण म्हणाली, “जा तुम्ही बिनघोर.”

८ ऑगस्ट

दुपारच्या सुट्टीत नळावर बायकांना ते कलम सांगितलं. तोंडपाठ केलं होतं. एकदम हशा पिकला. कॉलर शिवणारी एक आहे, जिभेला हाड नाही, ती म्हणाली, “आजी, ती खोली फोटोतली आहे. तिला फोटोतच राहू द्या.”

“अगं पण लिहिलंय!”

“लिहिलंय तर. बिस्किटाच्या पुड्यावर गाईचं चित्र असतं, म्हणून गाय निघते का आतून?”

लाईनचा सुपरवायझर आला तशा सगळ्या पांगल्या. त्याला सगळ्या ‘घड्याळ’ म्हणतात. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी मनगटाकडे बघतो.

घरी सूनबाई भांडी आपटत होती. “आई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं बायकांना शिकवायला?”

“खोटं असतं तर भिंतीवर कशाला लावलं असतं?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं भिंगरी मातीत हात घालते तेव्हा बघते. म्हणाली, “बसायचे पैसे मिळतात ना? मग बसा की हो.”

मला बसता येत नाही हे हिला कसं सांगू? ह्यांच्या आजारपणात बसले तेवढी बसले.

१४ ऑगस्ट

आज खोली भरली होती! कंपनीचं वर्षाचं पुस्तक निघतं, परदेशात जिथे आपले शर्ट जातात तिथे पाठवतात. त्यासाठी फोटोवाला आला. सकाळीच ऑफिसातल्या लोकांची पोरं गाडीतून उतरली, कडक इस्त्रीची. एक गुबगुबीत बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाले, हसा. मला हसायला सांगावं लागलं नाही. फोटोवाल्याने हत्तीपुढेही एक काढला, पण पेटी येते म्हणून सोंड कापली. हे असते तर त्याच्याशी भांडले असते.

जेवणाआधीच पोरं परत गेली. मी मॅडमना म्हटलं, “परत पण आणा. दंगा असला की बरं वाटतं.” त्या हसल्या, मग एकदम हसू थांबलं. सर्दी झाली असावी, नाक पुसत गेल्या.

ह्यांचं एक म्हणणं होतं. उधारीवर पाटी रंगवून घेणाऱ्यांना सांगायचे, “पाटी रंगवून दुकान चालत नसतं बाबा.” आज उगाच आठवलं.

भिंगरी अलीकडे गुणी झालीय. घरी जाते तर झोपलेली. शेजारीण म्हणते, काही त्रास नाही, सोन्यासारखं पोर.

२० ऑगस्ट

भिंगरी आज रात्री जेवलीच नाही. घास तोंडात तसाच. दात येत असतील.

खोली झाडली. खिडक्या पुसल्या. परत झाडली.

२५ ऑगस्ट

वीज गेली म्हणून कारखाना दुपारीच सुटला. सूनबाई दुकानात थांबली, मी थेट शेजारणीकडे. दार उघडंच. तिच्या एका हातात भिंगरी, दुसऱ्या हातात चमचा. खोकल्याच्या औषधाची बाटली खाली.

मी म्हटलं, “हिला खोकला कुठे झालाय?”

तिचा चेहरा उतरला. मग एकदम ओरडायला लागली, “माझी तीन, वर तुमची एक, आणि हातात बटणं लावायचं काम! ही तुमची घरभर फिरते, स्टोव्ह ओढते. काय करू मी? बांधून ठेवू? सगळ्या देतात. जा, विचारा कारखान्यात. निम्म्या जणींची पोरं अशीच वाढलीत.”

मी बाटली उचलून वाचली. ‘दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये.’ तिला वाचता येत नाही. मला येतं. पण झोपणाऱ्या पोरीचा चेहरा रोज बघत होते, तो काही मला वाचता आला नाही. गुणी झालीय म्हणे! भिंगरी कधी गुणी असते का?

शेजारणीला शिव्या द्यायच्या होत्या. तिची धाकटी कोपऱ्यात झोपलेली दिसली. तशीच गाढ. मग शिव्या आल्या नाहीत.

सूनबाई ऐकून भिंतीला टेकून खाली बसली. 

२६ ऑगस्ट

भिंगरीला कडेवर घेऊन कामावर गेले. फाटकावर वॉचमन म्हणाला, “आजी, हे काय?”

“पाळणाघर आहे ना? पाळायला आणलीय.”

तो बाजूला झाला. मी आत.

सूनबाईने लाईनवरून मला पाहिलं आणि तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मॅडम धावत आल्या. मी चौकटीतल्या कलमावर बोट ठेवलं. त्या पण तो कागद वाचत उभ्या राहिल्या, जणू पहिल्यांदाच बघतायत. मग हळूच म्हणाल्या, “राहू दे. पण आजी, सूनबाईंच्या कामावर याचा परिणाम व्हायला नको हं.”

“तो कसा होईल? पोर तर माझ्याकडे आहे.”

खेळण्यांवरचं प्लास्टिक फाडलं. भिंगरीला खेळण्यांपेक्षा प्लास्टिक आवडलं.

३० ऑगस्ट

भिंगरी जागी झाली! झोप उतरायला हे एवढे दिवस लागले. आज पहिल्यांदा पाळण्याखाली शिरली, बादली पालथी केली आणि हत्तीच्या पायाला धरून उभी राहिली. दुपारी सूनबाई पाजायला आली, तिच्या मांडीवरसुद्धा ठरेना.

‘घड्याळ’ने सूनबाईला यंत्रावरून उठवून धागे कापायला बसवलंय. मी म्हटलं, बरं झालं, डोळ्यांना नि पाठीला जरा आराम. तिने ताट पुढे ओढलं.

४ सप्टेंबर

कॉलरवाली तिच्या मुलाला घेऊन आली. दारात उभी राहून म्हणाली, “हसले होते तुम्हाला. आता पदरात घ्या.” तिचा मुलगा मला चावला. ताकद आहे म्हणायची! तिच्यामागून आणखी जणी आल्या. शेवटी शेजारणीची धाकटीसुद्धा मीच घेऊन येते आता. शेजारीण चार दिवस तोंड लपवत होती, आज शिजवलेला भात पाठवला.

काय तो गोंधळ! एक रडलं की साथीला सगळी. ओली फडकी खिडकीवर, दूध गरम करायला कोपऱ्यात विजेची शेगडी. मला दम खायला वेळ नाही, आणि गंमत म्हणजे आता पाय दुखत नाहीत.

हत्तीचा रंग मात्र निघायला लागला. पोरांचे हात, नखं, खेळण्यांचे ठोके. भिंगरी पायाजवळचे पापुद्रे नखाने काढते आणि तोंडात घालते. मी बोट घालून काढते, ती परत घालते. तिला तो गोड लागतो की काय कोण जाणे. हेही ब्रशचं टोक ओठांत धरूनच सारखं करायचे. जन्मभराची खोड. जेवायला बसले तरी ओठांच्या कडेला निळं-लाल असायचं. नात आजोबांवर गेली.

१२ सप्टेंबर

आज कळलं. कॉलरवालीही आता धागे कापते. मी म्हटलं, “तुलाही आराम का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आजी, तुम्ही खरंच इतक्या भोळ्या आहात का हो? धागे कापणारीला जादा काम मिळत नाही. मंदीत पहिलं नाव तिचंच काढतात. ज्या ज्या जणीचं पोर तुमच्या खोलीत, ती ती धाग्यावर. ‘घड्याळ’ म्हणतो, तुमचं अर्धं लक्ष तिकडे.”

म्हणजे सूनबाई पंधरा दिवस हे पोटात ठेवून माझ्यासमोर जेवत होती. आणि मी पाठीच्या आरामाबद्दल बोलत होते.

घरी जाऊन म्हटलं, “उद्यापासून मी भिंगरीला घेऊन घरी राहते. सोडते काम.”

सूनबाई कणीक मळत होती. हात थांबवले नाहीत. म्हणाली, “काल मी खोलीत आले ना, तर ती माझ्याकडे पळत आली. पडली मधेच, पण पळत आली. मी कामावरून घरी येते तेव्हा ती कायम झोपलेली असायची, आई. मला वाटायचं, हिला मी ओळखीचीच नाही.” मग थोड्या वेळाने, “धागे काय, कापते मी.”

चौकटीतल्या कागदात धाग्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. परत नीट वाचला.

१९ सप्टेंबर

सोमवारी तपासणी. परदेशातली जी कंपनी शर्ट घेते, तिची माणसं दरवर्षी येऊन बघतात, कामगारांना नीट वागवतात का. मॅडम खुशीत होत्या. म्हणाल्या, “यंदा उसनी पोरं आणायला नकोत! आपलीच आहेत.” मोठे साहेबसुद्धा डोकावून गेले. एका पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि हात रुमालाला पुसला.

मी भिंगरीचं झबलं धुऊन ठेवलंय. मला वाटतं, आलेल्यांनी एकदा नुसता हा दंगा ऐकला, की धाग्यांचं मी सांगेन. बोलायची भीती वाटत नाही मला. थोडी वाटते.

२२ सप्टेंबर, सोमवार

मी धाग्यांचं बोललेच नाही. तिथवर गोष्ट गेलीच नाही.

तपासायला एक बाई आल्या, चपटे बूट, केस बारीक कापलेले. आपली भाषा बोलत होत्या. इतर पाहुणे दारातून बघतात, ह्या आत येऊन फरशीवर मांडी घालून बसल्या. पोरांनी लगेच त्यांचा चष्मा ओढला. मला वाटलं, जिंकलं.

मग त्या एकेक बोलायला लागल्या. शेगडी मुलांच्या हाताला लागेल अशी. पाळणे चार आणि मुलं बारा. फरशी ओली. बाहेर पडायला दुसरं दार नाही. रागाने नाही, पण सोडलं काहीच नाही. मोठे साहेब म्हणाले, “इतकी वर्षं या खोलीत एकही दोष निघाला नव्हता.” बाईंनी तेही लिहून घेतलं.

खरंच की. दोष निघणार कुठून? जे रांधलंच नाही ते करपणार कसं!

शेवटी त्या हत्तीजवळ गेल्या. पापुद्रा बोटावर घेतला. भिंगरीने त्यांच्यासमोरच एक तोंडात घातला. त्यांनी झडप घालून तिला धरलं आणि तिचं तोंड पुसलं.

“हे कोणी रंगवलंय?”

“आमच्या ह्यांनी.” मला जरा अभिमानच वाटला.

“कोणता रंग होता, आठवतं?”

“डबे जुने असायचे, स्वस्तात मिळायचे. हे स्वतः कालवायचे. तेलात.”

“जुन्या तेलरंगात शिसं असायचं, आजी. लहान मुलांच्या पोटात गेलं तर फार वाईट.” मग जरा थांबून, “ते आता...?”

“दोन वर्षं झाली.”

“कशाने गेले?”

“पोटात कळा यायच्या. शेवटी शेवटी मनगटं लुळी पडली, ब्रश धरवेना. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा.”

“ब्रशचं टोक कसं करायचे ते?”

असला काय प्रश्न! पण मी करून दाखवलं, ओठांत धरून. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवला. “तुम्ही पण रंग भरायचात?”

“भरायची. पण ब्रश नाही कधी तोंडात धरला. मला वास सोसायचा नाही.”

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. जाताना मॅडमना सांगितलं, मुलांचं रक्त तपासा, आणि रंग खरवडू नका, धूळ उडेल. पुसून घ्या आणि वरून कायमचा झाकून टाका.

परक्या बाईला ह्यांच्या पोटदुखीशी काय करायचं होतं? दिवसभर डोक्यातून जात नाही.

२४ सप्टेंबर

पाळणाघराला कुलूप. दारावर कागद, ‘दुरुस्तीसाठी बंद’.

मॅडम म्हणाल्या, “वरून सांगितलंय, मुलांच्या आरोग्याशी तडजोड नाही. भिंतीचं काम कोणाकडून करून घ्यायचं त्याची चौकशी चाललीय, मग मंजुरी...”

“कधी उघडेल?”

त्यांनी अंगठी फिरवली. “आजी, तुम्ही येत जा. तुमचा पगार चालू राहील. नुसतं बसायचं.”

पुन्हा बसायचं. व्हरांड्यात खुर्ची दिलीय. पोरं परत ज्याच्या त्याच्या शेजारणीकडे, ज्याच्या त्याच्या बाटलीकडे. भिंगरीला घेऊन सूनबाई घरी राहिलीय. आठवडाभर राहिली तर तिचं नाव काढतील, ‘घड्याळ’ने निरोप पाठवलाय. मी म्हटलं, मी राहते घरी. तर म्हणते, “तुम्ही तिथून उठलात ना, की ती खोली परत कधी उघडायची नाही.” या पोरीला मी इतकी वर्षं अबोल समजत होते.

२६ सप्टेंबर

रक्ताचे निकाल आले. भिंगरीच्या रक्तात आहे थोडं. बाकीच्या पोरांत नाही म्हणण्याइतकं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, रंग बंद झाला की हळूहळू उतरेल, दूध-अंडी द्या, महिन्याने परत आणा. सूनबाईने माझा हात घट्ट धरला होता.

मग मीच विचारलं, जास्त झालं तर काय होतं? ते सांगायला लागले. पोटात कळा. हातातली ताकद जाते, मनगट उचलत नाही.

मी म्हटलं, पुरे. कळलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला बोल लावू? हत्ती आमचा, पोर आमची. अन् ते जुने डबे घासाघीस करून स्वस्तात मीच आणायची. आज एवढंच.

२८ सप्टेंबर, रविवार

काल कटिंग मास्तरांना विचारलं होतं, कापडाच्या पेट्यांची झाकणं टाकून देतात ना, मला द्याल का? ते म्हणाले, “चुलीत घालायला?” मी सांगितलं कशाला ते. आज सुट्टीच्या दिवशी हातोडी, करवत, खिळे घेऊन हजर. वॉचमनने फाटक उघडलं. कुलपाची चावी मॅडमकडे. त्या घरातल्या चपलांवरच आल्या, कुलूप काढलं आणि म्हणाल्या, “मी आज इथे आलेच नाही, बरं का.” आणि गेल्या नाहीत. तोंडाला फडकं बांधून ओल्या चिंधीने माझ्याबरोबर फरशी पुसत बसल्या. मी त्यांना विचारलं, “तुम्हाला काही म्हणणार नाहीत?” त्या म्हणाल्या, “म्हणतील. तपासणीच्या अहवालात ‘झाकून टाका’ असंच लिहिलंय. झाकलं. आता बंद ठेवायला नवीन कारण शोधू दे त्यांना.”

सूनबाई भिंगरीला शेजारणीकडे सोडून आली. शेजारीण म्हणाली होती, “घरात बाटलीच नाही आता. बघून जा हवं तर.” सूनबाई बघून आली.

पायांपासून सुरुवात केली. एकेक फळी वर चढत गेली. आधी नखं गेली, मग पोट. डोळा झाकायची वेळ आली तेव्हा मास्तर थांबले, माझ्याकडे बघितलं. मी हातोडी मागून घेतली. डोळ्यावरची फळी मी ठोकली. दोन खिळे वाकले, तिसरा बसला.

बटणांच्या पेटीपाशी अडलं. तिथे फळी कापावी लागत होती, आणि सोंडेचं टोक तेवढं बाहेर राहत होतं, वरती, एक वीतभर निळं. मास्तर म्हणाले, “राहू दे की एवढं, आजी. आठवण. पोरांचा हात पोचत नाही तिथवर.”

सूनबाईपण म्हणाली, “राहू द्या, आई.”

मी बघितलं. इतक्या वर्षांनीही चकाकत होतं. हे शिडीवर उभे, ओठांत ब्रश, त्या पेटीला शिव्या घालतायत, असं दिसलं.

म्हटलं, “नको. पोरं मोठी होतील. हात पोचेल.”

मास्तरांनी तुकडा कापून दिला. तोही बसवला.

२९ सप्टेंबर, सोमवार

मॅडमनी सकाळीच दारावरचा कागद काढला आणि मोठ्या साहेबांकडे गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण चावी त्यांच्याच हातात होती. “उघडा,” म्हणाल्या. शेगडी आता बाहेर व्हरांड्यात माझ्या खुर्चीवर ठेवलीय, खुर्चीला दुसरं काही काम नाही. दुसऱ्या दाराचं मी रोज विचारणार, असं त्यांना सांगून ठेवलंय. आणि धाग्यांचंही. त्या म्हणाल्या, “एकेक करू, आजी.” मी म्हटलं, “एकेकच म्हणतेय. आज दार. उद्या धागे.”

कॉलरवाली दारातून म्हणाली, “नुसत्या फळ्या? काहीतरी रंगवून घ्या त्यावर, ससा नाहीतर बदक.”

“इथे आता काही रंगवायचं नाही,” मी म्हटलं. ती मुलाला आत सोडून कामाला गेली.

भिंगरी सरळ तिच्या जागेवर गेली. पाय कुठे गेला ते शोधलं. फळ्यांच्या कडेने डोकावली. नखाने उकरून पाहिलं, काही निघेना. मग चिडून थाड्दिशी थापट मारली. फळी आणि भिंतीच्या मधे पोकळी राहिलेली, तर केवढा मोठा आवाज! ती दचकली. परत मारली. कॉलरवालीचा मुलगा पळत आला, त्याने मारली. मग सगळीच. बारा पोरं हत्तीवर दोन्ही हातांनी थापा मारतायत आणि किंचाळतायत, खिडकीतून आवाज पार लाईनपर्यंत. धागे कापणाऱ्या बायका माना वर करून हसत होत्या. ‘घड्याळ’ मनगटाकडे बघत दारात आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येईना.

ह्यांना काम करताना जरा आवाज खपायचा नाही. ताटली वाजली तरी ओरडायचे.

म्हटलं, आज ऐकून घ्या.